घर आमचं, केर आमचा
गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, दुपारचा भोंगा व्हायच्या आधी, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या झाडूवालीला कामावरून काढलं. तिनं चोरी केली नव्हती, खाडा केला नव्हता. तिच्या शेजारी उभी राहून एक जपानी बाई स्वतःच्या दारातलं गटार साफ करत होती, एवढाच तिचा गुन्हा.

ही कॉलनी बारामतीहून इंदापूरला जाताना कालव्यापलीकडं लागते. यंत्रं बसवायला आलेली चार जपानी कुटुंबं आतल्या ओळीत राहतात, बाहेरच्या ओळीत आपले अधिकारी. मी बारामतीत सभांची पत्रकं लिहितो आणि आठवड्यातून दोनदा सायकल हाणत तिथं जाऊन जपानी बायकांना बाजारापुरती मराठी शिकवतो. त्यामुळं दोन्ही ओळींचा संसार मला जवळून पाहायला मिळाला.

आतल्या ओळीत सकाळी सगळे, बायकापोरांसकट, मोकळ्या जागेत उभे राहून हातपाय हलवायचे. मोठा इंजिनियर आकडे म्हणायचा, बाकीचे वाकायचे. बाहेरच्या ओळीतले आपले साहेब तोंडात दातण धरून हा तमाशा बघायचे. जपानी लोक चपला दारात काढतात, हे बघून साहेबांना फार कौतुक वाटायचं. जणू आपण सगळे बूट घालूनच देवघरात जातो. मागच्या परसात त्यांनी हातभर लांबीचे मुळे लावले होते, त्यांचं लोणचं घालायचे आणि वास आला की आपल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. संध्याकाळी एका घरात पाणी तापायचं आणि चारही घरची माणसं पाळीपाळीनं तिथं अंघोळीला जायची. हौदात उतरायच्या आधी अंग चोळून धुतात, हे मी किती वेळा सांगितलं. पण “एकमेकांच्या घाणीत बसत्यात” ही बातमी इंदापूरपर्यंत पोचली होती, ती परत कोण आणणार?

त्यांची एक रीत मात्र आपल्या लोकांच्या डोक्यात शिरलीच नाही. वर्ष संपायला आलं की जपानी माणूस घर स्वतः धुतो. नोकर असो नसो. त्या सकाळी मोठा इंजिनियर बाही वर करून खिडक्या पुसत होता, पोरं चटया झोडपत होती आणि त्याची बायको डोक्याला फडकं बांधून गटारात उतरली होती. पुढच्या गटारात झाडूवाली होतीच. काम उरकल्यावर दोघी पायरीवर टेकल्या आणि बाईनं आपल्या घरातल्या कपात तिला चहा दिला.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब फेरीवर आले.

“बाईसाहेबांच्या हातात झाडू दिलास व्हय गं?”

“म्या न्हाय दिला, साहेब. त्यांनी त्यांचा आणलाय.”

याहून सरळ उत्तर कुणाला देता येईल? पण साहेबांना ते उद्धट वाटलं. परदेशी पाहुण्यांसमोर कारखान्याची अब्रू गेली म्हणून तिला तिथल्या तिथं काढलं. कॉलनीमागची खोलीही संध्याकाळपर्यंत सोडायला सांगितली.

अब्रूचं हे सोंग होतं. खरं कारण मला बाहेरच्या ओळीतल्या एका बाईंनीच हसत हसत सांगितलं: आज तिनं त्यांच्या कपात चहा पिला, उद्या आमच्या दारात मागंल. झाडूवालीची जात मी इथं लिहीत नाही. कॉलनीत ती सगळ्यांना पाठ आहे.

झाडूवालीला काढल्याचं जपानी बाईला कळलं तेव्हा तिनं त्या दिवशीचा भाजीचा धडा बाजूला सारला आणि माझ्याकडून एक वाक्य मागून घेतलं. दिवसभर घोकलं. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती ऑफिसात गेली, कमरेत वाकली आणि म्हणाली, “चूक तिची न्हाय. घर आमचं, केर आमचा.”

मॅनेजरसाहेब खुर्चीतून उठलेच. “वा, काय मराठी बोलता बाईसाहेब!”

एवढंच. शब्द ऐकले, उच्चाराला शाबासकी दिली, अर्थ टेबलावरच राहिला. मी बोलायला लागलो तर मला म्हणाले, मास्तर, तुमी शिकवण्या करा. वर बाईसाहेबांना पुन्हा झाडू धरायला लागू नये म्हणून आतल्या ओळीला दोन नवे गडी दिले. त्यांना चहा पायरीखाली, नारळाच्या करवंटीत द्यावा, अशी सूचनाही गेली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेरच्या ओळीतल्या बायकांनी जपानी बाईला बोलावलं आणि ते वाक्य म्हणून दाखवायला लावलं. तिनं म्हटलं. सगळ्या हसल्या, कुणीतरी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. मी बाहेर सायकल धरून उभा होतो; ती दारातून मला म्हणाली की मी शिकवलेल्या वाक्यात काही चुकलंय का, कारण कुणालाच ते कळत नाही. मी म्हणालो, वाक्य बरोबर आहे बाई.

झाडूवाली आता इंदापूरच्या बाजाराच्या दिवशी ओटे झाडते. उरलेले दिवस काम मिळेल तिथं. गळीत अजून चालू आहे, कॉलनीत तिची जागा आहे, नव्या गड्यांना दुसरीकडं काम देता येतं.

हे पत्रक हातात धरलेले तुम्ही कारखान्याचे सभासद आहात. तुमच्याच उसावर ही कॉलनी उभी आहे. तेव्हा हे वाचून मान हलवत बसू नका. येत्या रविवारी स्वतःच्या दारातलं गटार स्वतः साफ करा, हात धुवा आणि तसेच मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन सांगा: तिला कामावर घ्या, खोली परत द्या, आणि चहा कपात द्या.