तांब्याची मात्रा

अविनाशच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मी आमच्या देवघरातला तांब्या बुडवून ठेवला होता. चांगले तीन दिवस. अविनाशला जाऊन आता सात आठवडे होतील, आणि त्याच्याबद्दल लिहायला बसलो की गाडी आधी तिथेच अडते. वसुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. “भाऊजी, अविनाश गेला. सकाळी... हार्ट,” एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या मनात पहिला विचार आला की आता सांगायचं राहूनच गेलं. दुसरा त्याहून वाईट होता, की आता सांगावं लागणार नाही.

माझा हा मित्र मूळचा साताऱ्याचा, जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये केमिस्ट, आणि संशय हा त्याचा खरा धर्म. दुकानातला मासा जितका टवटवीत, तितका त्याला जास्त संशय. नवा मासा आणला की सहा आठवडे आतल्या खोलीतल्या छोट्या टाकीत. तिची जाळी वेगळी, बादली वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. तिच्यात हात घातला की कोपरापर्यंत धुतल्याशिवाय हॉलमधल्या मोठ्या टाकीकडे फिरकायची सोय नव्हती. आईच्या सोवळ्याची जन्मभर टिंगल केलेला हा माणूस मोठ्या टाकीला सोवळी आणि छोटीला ओवळी म्हणायचा. मी हसलो की म्हणायचा, “हस तू. आईचं सोवळं कशासाठी होतं ते मला माहीत नाही. माझं किड्यासाठी आहे.”

तो किडा त्याने मला एकदा दाखवला होता. म्हणजे किडा दिसत नाही, दिसतात ते माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके, रवा भुरभुरल्यासारखे. चार दिवसांनी ठिपके गेले तेव्हा मी मोठ्या जाणकारीने म्हणालो, “झाला की बरा.” “बरा नाही झालेला. ते फक्त उतरलेत,” अविनाश म्हणाला. “पोट भरलं, आता खाली बसून पोरं काढणार आणि शंभर होऊन परत येणार. ठिपके दिसत नाहीत ना, तेव्हाच घाबरायचं, नंदू.”

या सगळ्यात त्याचा गुरू म्हणजे त्याच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, हेर ब्रान्ट. नळ, दिवे, जिने, सगळं तोच बघायचा, आणि तळमजल्यावर त्याचीही खाऱ्या पाण्याची टाकी होती. अविनाशला नारिंगी माशांची पहिली जोडी त्यानेच दिलेली. शनिवारी दोघं मिठाच्या बादल्या उचलून वर आणायचे आणि माशांच्या दुखण्यांवर तासन्‌तास बोलायचे. इतक्या वर्षांची मैत्री, पण एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहो. एक ‘हेर डोक्टर’, दुसरा ‘हेर ब्रान्ट’.

पाच वर्षांपूर्वी अविनाशची आई आजारी पडली. तो आणि वहिनी तीन आठवडे साताऱ्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. छोट्या टाकीत एक नवा मासा होता. सूचनांचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता; मी एकच बाजू वाचली. मोठ्या टाकीतला कचरा काढायला हाताशी आली ती जाळी घेतली. ती ओवळी होती. आठवड्याभरात मोठ्या टाकीतल्या पिवळ्या माशावर रवा दिसला. मी फोन केला. अविनाश हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होता, आवाज तुटत होता. “तांबं द्यावं लागेल... आधी बाहेर काढ... कपाटात...” आणि फोन गेला. तांबं! तांब्यातलं पाणी जंतू मारतं हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मी घरी जाऊन देवघरातला तांब्या चिंचेने घासून आणला आणि मोठ्या टाकीत सोडला. आजार मोठा तर भांडीही जास्त हवीत, म्हणून पळी-पंचपात्रही न्यावं का, असा विचार केल्याचं मला स्पष्ट आठवतं.

अविनाशला म्हणायचं होतं ते असं की मासे काढून छोट्या टाकीत घाल आणि कपाटातलं तांब्याचं औषध रोज मोजून दे. मोठ्या टाकीत ते कधीच नाही, कारण तांबं किड्यासारखंच कोळंबीला आणि प्रवाळालाही मारतं. तिसऱ्या दिवशी कोळंब्या उताण्या पडल्या होत्या आणि प्रवाळं आक्रसून गेली होती. मी तांब्या काढला, पुसला, घरी नेला.

तो परत आला. मासे छोट्या टाकीत हलवून त्याने त्यांच्यावर नीट उपचार केले, आणि मोठ्या टाकीचं पाणी तपासलं तर त्यात तांबं निघालं. “डब्यातलंच गाळलेलं पाणी घातलंस ना?” त्याने विचारलं. इथे मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, “डबे संपले होते रे. थोडं नळाचं घातलं.” ब्रान्टने नुकताच त्यांच्या स्वयंपाकघरातला पाइप बदलला होता. अविनाशने पाइपकडे बघितलं, मग खाली तळमजल्याकडे बघितल्यासारखं केलं... आणि झालं. ब्रान्ट शपथेवर सांगत राहिला की पाइप प्लास्टिकचा आहे, जोडसुद्धा तांब्याचा नाही. अविनाशने ऐकलं नाही. मिठाच्या बादल्या त्यानंतर तो एकटाच चढवायचा. जिन्यात भेट झाली तर ‘गुटेन टाग’, तेही भिंतीला.

मला मात्र तो अधूनमधून विचारायचा, अगदी सहज, चहा ओतता ओतता. “नळाचं पाणी किती घातलं होतंस रे?” मी एकदा अर्धी बादली म्हणालो, वर्षभराने एक बादली, मग पाऊण. तो ऐकून घ्यायचा, “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचा आणि बशीत बिस्किटं वाढायचा. त्याला कळलं होतं का? ती बिस्किटं मला आजही पचलेली नाहीत.

अंत्यविधीला ब्रान्ट आला होता. सगळ्यात मागे, कोट हातात धरून उभा. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, मी फ्लॅट सोडून कोलोनला मुलीकडे चाललेय. मासे तुम्ही न्या. अविनाशचं तेवढंच जिवंत उरलंय.” मला ते मासे हवे होते, फार हवे होते. “नेतो” असं तोंडात आलेलं, आणि बाहेर पडला तो तांब्या. सगळा, चिंचेसकट. वहिनी घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. त्या थांबल्या नाहीत. ताटली संपवली, हात धुतले आणि म्हणाल्या, “चला खाली.”

“आत्ता?”

“पाच वर्षं झाली की. अजून किती?”

ब्रान्टच्या दारात मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. देवघर, तांब्या, नळाच्या पाण्याची थाप. देवघराला जर्मन शब्द सुचेना, तेव्हा वहिनींनी एक शब्द पुरवला. बाकी एका अक्षराची मदत केली नाही. ब्रान्टने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हेर डोक्टरना हे माहीत होतं?” त्याने विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्याने जिन्याकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, “हेर ब्रान्ट, मासे तुम्ही न्याल का?”

त्याच संध्याकाळी मासे खाली गेले. बादल्या मी उचलल्या, तेवढं मला करू दिलं. नारिंगी जोडी आणि तो म्हातारा पिवळा मासा ब्रान्टने आपल्या मोठ्या टाकीत सोडले नाहीत. बाजूच्या छोट्या टाकीत ठेवले, तिची निराळी जाळी शेजारी टांगली आणि कॅलेंडरवर सहा आठवडे मोजून खूण केली. मला राहवेना. म्हणालो, “अहो, हे तर अविनाशचे मासे. त्याच्या टाकीतल्या माशांना कसला संशय?”

ब्रान्ट मला बाजूला सारत म्हणाला, “हेर डोक्टरच्या टाकीवर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या मित्रांवर नाही.”