भाऊजींचं गुलाबी कीटण

आमचे धाकटे भाऊजी दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडतात आणि घरी येऊन माशांच्या टाकीत कीटण वाढवतात. खाऱ्या पाण्यातलं गुलाबी, टणक शेवाळ असतं ते. दगडांवर पसरलं की टाकी खऱ्या समुद्रासारखी दिसते म्हणे. घरात दूध आणायचं विसरतील, पण शेवाळासाठी पाण्यात कॅल्शियम घालायला कधी चुकायचे नाहीत. तरी दगड पांढरेफटक, आणि शेवाळ सगळं समोरच्या काचेवर. मासे दिसेनासे झाले.

जाऊ म्हणाली, "रविवारपर्यंत काच साफ करा, नाहीतर टाकी विकते."

भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही तरी समजवा हिला. एवढंच तर उगवलंय हो."

"भाऊजी, पेशंट कळवळला म्हणून कीटण ठेवता का तुम्ही?"

शेवटी दवाखान्यातलं हत्यार आणून, सुतकी चेहऱ्याने त्यांनी काच खरवडली. भुगा पाण्यात उडाला आणि दगडांवर जाऊन बसला. काही महिन्यांत तिथेच रुजला, दगड गुलाबी झाले.

आता येईल त्याला सांगतात, "खरवडायची युक्ती माझीच."

जाऊ दर रविवारी हत्यार तेवढं त्यांच्या हातात देते.