तुळशीच्या पानापाशी थांबलेली पोथी

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "पोथी आहे ना घरात?" मी 'आहे' म्हणाले, आणि तरी जागची उठले नाही. पोथी कुठे आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, पांढऱ्या फडक्यात. त्या फडक्याला हात लावायची या घरात आईखेरीज कुणाची छाती नव्हती. मी सत्तरी गाठली तरी माझीही झालेली नव्हती.

ती कोणती पोथी, हे वाचणाऱ्यांना कळेलच. घरात माणूस गेलं की सुतकाच्या दिवसांत वाचतात, ती. एरवी कुणी ती उघडत नाही. आई तिचं नाव कधी घेत नसे, नुसतं 'ती' म्हणे. मीही नाव लिहीत नाही. सवयच तशी लागली आहे.

मी शाळेत गेले ती पोलीस ॲक्शननंतर. त्याआधी, निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत शिकायचं म्हणजे उर्दूतून. वडील तसेच शिकले होते आणि महसुलाच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर पाहत राहावं असं होतं, पण मराठी वाचायला बसले की अनवाणी माणूस खडीवरून चालावा तसे वाचायचे. आई तर शिकलेलीच नव्हती. माझ्यासाठी मराठी पहिलीचं पुस्तक आलं तेव्हा ते घरातलं पहिलं मराठी पुस्तक होतं. मी भिंतीला टेकून अक्षरं लावत बसायची आणि आई समोर तांदूळ निवडत बसायची. सगळी मुळाक्षरं ती समोरून पाहून, म्हणजे उलटी शिकली. पुढे तिच्या हातात सरळ पुस्तक दिलं तर ती गोंधळायची आणि हळूच ते फिरवून घ्यायची. वडील हसायचे. म्हणायचे, "बरं झालं. एका पुस्तकात दोघींचं भागतंय. अजून दोन बाजू रिकाम्या आहेत, शेजारणींना बोलव."

एकदा वाचता येऊ लागल्यावर मात्र तिला आवर राहिला नाही. वाण्याकडून जिरं आलं की ते डब्यात ओतून ती पुडीचा कागद मांडीवर सारखा करायची आणि वाचायची. कधी एखादी गोष्ट अर्ध्यावर फाटलेली असे. मग दिवसभर तिची चुटपुट. "उरलेली गोष्ट कुणाच्या घरी हळदीबरोबर गेली असेल गं?" गुलमंडीच्या बाजारातून जाताना ती एकेक पाटी मोठ्यानं वाचत चालायची. पुष्कळ पाट्या तेव्हा नव्यानं मराठीत रंगवलेल्या होत्या, काहींच्या खालून जुनी उर्दू अक्षरं दिसत असायची. वडील चार पावलं पुढे जाऊन म्हणायचे, "अगं, हळू. लोकांना वाटेल कचेरीची दवंडी चाललीय." ती गप्प व्हायची, आणि पुढची पाटी आली की ओठ पुन्हा हलायला लागायचे.

मग चातुर्मास आला. आमच्या गल्लीतल्या बायका चातुर्मासात काही ना काही नेम धरत. कुणी वांगं सोडी, कुणी रोज दारात गोपद्मं काढी. आई म्हणाली, "मी वाचीन." रोज दुपारी एक अध्याय, सगळ्यांनी ऐकायचा. गल्लीत हे नवीनच होतं. तोवर पोथी ऐकायची तर देवळात, पुरुषाच्या तोंडून.

वडिलांचे एक चुलते करमाडला होते. ते त्या उन्हाळ्यात वारल्यावर त्यांच्या पोथ्यांचं गाठोडं आमच्याकडे आलं होतं. आईनं ते सोडलं आणि सगळ्या पोथ्या पुढे मांडून जिचं अक्षर सगळ्यांत ठळक तिला निवडलं. नव्यानं वाचणारं माणूस असंच निवडणार. वरची पानं वाळवीनं खाल्लेली होती, नाव त्यांच्याबरोबरच गेलेलं. पाठीमागचं वाचून पाहावं हे तिला सुचलं नाही, कारण पोथीचं शेवटचं पान आधी पाहू नये असा तिचा समज होता.

पहिले दिवस छान गेले. बायका वाती वळत ऐकायच्या. आई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची, आणि सगळं लक्ष अक्षर सुटू न देण्यात असल्यामुळे अर्थ तिच्या फार मागून यायचा. एखादी ओवी संपल्यावर ती मान वर करायची, जणू आता कळलं काय म्हटलं ते. पोथी झाली की फुटाणे आणि खडीसाखर वाटायची. वाटायचं काम माझं. त्या दिवसांतली आई मला अजून डोळ्यांसमोर दिसते. केस चापून बसवलेले, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कुणी पाहू नये म्हणून ती खाली बघतेय.

आमच्या शेजारी एक वयस्कर बाई राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्या बिडकीनला लेकीकडे गेल्या होत्या, त्या परतल्या आणि त्या दुपारी पहिल्यांदाच ऐकायला येऊन बसल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण साऱ्या पोथ्या कानांनी ओळखीच्या. आईनं सुरुवात केली. जीव एकटा वाटेनं निघतो, वाटेत नदी लागते, असं काहीतरी होतं. मावशींचा वाती वळणारा हात थांबला.

"थांब," त्या म्हणाल्या. "काय वाचायलीस तू?"

"पोथी."

"कोणती?"

आई म्हणाली, "नाव गेलंय तिचं. वाळवी लागलीय."

"अगं माय माझे! ही तर माणूस गेल्यावर लावतात ती. कुणी मेलंय का तुझ्या घरी? झाक, झाक आधी!"

आईनं झाकली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं विचारलं, "अध्याय अर्धा राहिलाय. मध्येच सोडू नये म्हणतात ना?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. जित्या माणसांच्या घरात ती वाचायची नाही, आणि कोणतीही पोथी धरली की अर्धी सोडायची नाही. पुढे गेलं तरी चूक, थांबलं तरी चूक. बायका एकमेकींकडे न बघता उठल्या. मी फुटाण्यांची वाटी घेऊन दारापाशी उभी होते. सगळ्या माझ्यासमोरून गेल्या, एकीनंही हात पुढे केला नाही. ती भरलेली वाटी घेऊन मी किती वेळ उभी होते, माहीत नाही. भीती म्हणजे काय ते मला त्या वाटीवरून कळलं.

वडील तेव्हा वैजापूरला होते. जुने उर्दू कागद वाचून सांगायला तहसिलीत माणूस हवा होता, म्हणून कचेरीनं त्यांना आठवडाभर पाठवलं होतं. वैजापूरचं स्टेशन रोटेगाव; तिथून शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचे होते. आईनं अंगणातल्या तुळशीचं एक पान खुडलं, जिथं वाचन थांबलं त्या पानांत ठेवलं, आणि पोथी पांढऱ्या फडक्यात बांधून सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवली. जिरं आलं तेव्हा तिनं पुडीचा कागद न बघता चुरगळून चुलीत टाकला. मी तो जळताना पाहिला. त्यावर छापलेलं काहीतरी होतं.

शनिवारी गाडीची वेळ झाली, टळली. स्टेशनावरून टांगे आले. आमच्या गल्लीत एक वळलादेखील, पण पुढे गेला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मावशी आपल्या दारातून बघत होत्या आणि आईनं बघितलं की नजर फिरवत होत्या. त्यांना बहुतेक वाटत असावं की आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "येतील गं. रोटेगावला गाडी चुकती लोकांची." आईनं विचारलं, "मावशी, त्या नदीच्या पुढे काय होतं हो?" मावशी पदर सावरून आपल्या घरी गेल्या.

त्या वेळी मला एकच गोष्ट कळत होती. आईला वाटत होतं, आपण वाचायला शिकलो म्हणून हे झालं. शिकलोच नसतो तर ते गाठोडं बांधलेलंच राहिलं असतं. आणि तिला अक्षरं दाखवली होती मी.

रविवारी ऊन चढल्यावर वडील आले. गाडी खरंच चुकली होती, मग ते कांद्याच्या ट्रकवर बसून आले होते. धोतरापासून टोपीपर्यंत कांद्याचा वास. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि देताना त्यांच्या बाहीला नुसती बोटं लावून पाहिली. सांगितलं मात्र मावशींनीच, धावत येऊन, सगळं. वडिलांनी तोंड धुतलं, पुसलं आणि म्हणाले, "मला न्यायला कुणी आलं असेल, तर त्याचीही गाडी रोटेगावला चुकली असणार. कांद्यावर बसायची त्याची तयारी दिसत नाही." मावशी हसल्या. मीही हसले. आई हसली नाही.

चातुर्मास तसाच उलटला. आई पाट्या वाचेना, कागद वाचेना. पोथीकडे तर मान वर करून बघेना. वडिलांनी समजावून पाहिलं. "पुस्तकाला काय कळतं, कुणाच्या घरात कोण आहे ते?" ती म्हणे, "तुम्ही आलात ना, बास." मग त्यांनी समजावणं सोडलं आणि रोज संध्याकाळी मराठी वर्तमानपत्र आणून मोठ्यानं वाचायला लागले. ते वाचन ऐकवत नसे. शब्द तुटत, ओळी चुकत, मागची बातमी पुढच्या बातमीला जाऊन चिकटे. आई भाकरी थापायची आणि ओठ घट्ट मिटून ठेवायची. एक दिवस त्यांनी एकाच ओळीवर इतका वेळ घालवला की तव्यावरची भाकरी करपली. आई पिठाच्या हातानं उठली, त्यांच्या समोर बसली आणि वर्तमानपत्र त्यांच्याच हातात ठेवून, उलट्या बाजूनं, ती ओळ घडघड वाचून मोकळी झाली. वडील म्हणाले, "खालचीही वाच. मला चष्मा लागलाय बहुतेक." त्यांना चष्मा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागला.

आई पुन्हा वाचायला लागली ती अशी, आणि मग कधी थांबली नाही. चातुर्मासाचा नेमही तिनं पुढच्या वर्षी धरला, दुसऱ्या पोथ्यांवर. बायका परत आल्या, मावशी सगळ्यांत पुढे. माझं सगळं वाचन, पुढे मी शाळेत शिकवलेली वर्षं, घरात भिंतीला लागलेली पुस्तकं, हे सगळं त्या दुपारच्या अध्यायांतून आलं असं मला वाटतं. पण पांढरं फडकं वरच राहिलं. दर श्रावणात आई स्टुलावर चढून ते खाली घेई, फडकं बदली, तुळशीचं सुकलेलं पान काढून नवं ठेवी आणि परत बांधी. वाचत नसे. हळूहळू तिची भीतीच फिरली. पोथी अर्धी आहे तोवर घर शाबूत आहे, असं तिच्या मनानं घेतलं. वडील कधी उशिरा आले की ती आधी वर बघायची, फडकं जागेवर आहे ना.

वडील म्हातारे होऊन गेले. तेव्हा गुरुजी वाचायला बसणार, तोच आई म्हणाली, "मी वाचते. माझी अर्धी आहे." तिनं तुळशीचं पान काढलं आणि त्याच ओळीपासून सुरुवात केली. आवाज स्पष्ट होता. नदीच्या पुढे काय होतं ते तिला इतक्या वर्षांनी कळलं. मी तिच्या समोर बसले होते. शेवटची थोडी पानं उरली तेव्हा तिनं नवं पान घातलं, फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "एवढं राहू दे. तू आहेस अजून."

आता ती नाही, आणि ती थोडी पानं माझ्यापुढे होती. माझी मुलगी नाशिकला नोकरी करते. ती दिवसांसाठी आली होती. मी रोज एक पान वाचायची आणि बांधून ठेवायची. ती म्हणाली, "आई, दहा मिनिटांचं काम आहे. किती घाबरतेस!" मी शिकलेली बाई आहे. पोथीनं कुणाचं काही होत नाही हे मी वर्गात मुलींना सांगितलेलं आहे. तरी शेवटच्या पानापाशी बोटं जड झाली. ते संपलं की अर्धं असं काही उरणार नव्हतं, आणि माझ्यापुढे आता फक्त ही एक मुलगी बसली होती.

तेराव्याच्या दिवशी वाचलं. अक्षरावर बोट ठेवून, आईसारखं. वाचून झालं तेव्हा मी फुटाणे आणि खडीसाखर वाटीत काढली आणि वाटी पुढे धरली. मुलीनं मूठभर उचलले, खाल्ले, आणि विचारलं, "मला देशील ही? तू वाचलीस, आजीनं वाचली. माझ्याकडे राहू दे." मी वाटी खाली ठेवली, फडकं झटकलं, घडी घातली. मग दिली.

आज सकाळी ती बसनं गेली. मी तेव्हापासून हे लिहीत बसले आहे आणि मधूनमधून फोनकडे बघते आहे. आत्ता तो वाजला.

"वैजापूर आलं गं," ती म्हणाली. "बस थांबलीय दहा मिनिटं. काय कांद्याचा वास आहे इथं! आणि ऐक, मी उघडलीय ती. यात पहिलं पान नाहीच."

"बंद कर," मी म्हणाले. "गाडीत वाचू नकोस."

"का?"

"डोळे दुखतात," मी म्हणाले. "पोचलीस की फोन कर."