वन्संना धाडलेलं कार्ड

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या विनोदिनी लघाटेला एखादी वस्तू टाकून द्या म्हणणं म्हणजे तिच्या जिवावर उठणं. बाईच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती, आणि तिच्यात काय नव्हतं ते विचारा. जुन्या लग्नपत्रिकांवरचे सोनेरी गणपती, साड्यांचे उसवलेले काठ, भेरूगढच्या छापील कापडाच्या चिंध्या, फुटक्या बांगड्या, एकेकटी उरलेली बटणं, लोकरीचे गुंडे, लेकीसाठी भिंतीवर शेणाने मांडलेल्या सांजीच्या चित्रातून वाचलेली रंगीत, चमचमती पन्नी. नवरा श्रीनाथ, बँकेतला गरीब गाय माणूस, दर दिवाळीला म्हणायचा की हे सगळं कबाडीला देऊन टाकू, आणि दर दिवाळीला ट्रंक चार बोटं जास्तच भरायची.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत फ्रीगंजच्या दुकानांमध्ये ग्रीटिंग कार्डांचा नुसता पूर आला होता. उघडलं की गाणं वाजणारं कार्डसुद्धा आलेलं. लोक उघडत, ऐकत, मिटत आणि पुन्हा उघडत. विनोदिनीनेही दोन-तीन उघडून बघितली आणि नाक मुरडलं. आत मजकूर छापलेला, खाली फक्त आपलं नाव टाकायचं. हा काय जिव्हाळा झाला? घरी येईपर्यंत बाईचं ठरलं होतं. यंदा सगळ्या गणगोताला हातची कार्डं जाणार, बाजारातून एक कागद आणायचा नाही, आणि एकासारखं दुसरं होता कामा नये.

पण खरं कारण वेगळंच होतं. ते म्हणजे इंदूरच्या वन्सं.

सुलू ही श्रीनाथची मोठी बहीण. चार वर्षांपूर्वी लेकीच्या, ऋचाच्या बारशाची पत्रिका छापली, तेव्हा प्रूफ तपासलं विनोदिनीने, तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन. जे छापलंय ते शुद्ध आहे की नाही एवढंच तिने बघितलं. जे छापलंच नाही ते कसं दिसणार? नेमकं आत्याचंच नाव राहून गेलं. आता मला सांगा, बारसं म्हणजे आत्याचा मान. बाळाच्या कानात नाव सांगायचं तिने. आणि पत्रिकेत तीच नाही! सुलूवन्सं आल्याच नाहीत. ऋचाच्या कानात नाव सांगितलं ते शेजारच्या विजयाकाकूंनी. त्या दिवसापासून वन्संनी उज्जैनची पायरी चढली नव्हती. विनोदिनीची तीन पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. दर भाऊबीजेला श्रीनाथ सकाळपासून नवा सदरा घालून बसायचा आणि दुपारी तो काढून ठेवायचा. विनोदिनीला ते बघवत नसे. यंदा वन्सं यायलाच हव्यात, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

मग काय, घराचं कारखान्यात रूपांतर झालं. ऋचाच्या ड्रॉइंगचे जाड कागद कपाटावर पडून होते, ते खाली आले. डिंक भिजला. एका कार्डावर पैठणीच्या काठातला मोर उतरला, दुसऱ्यावर बांगड्यांच्या तुकड्यांच्या पणत्या लागल्या. तिसऱ्यावर लोकरीची वेल आणि तिला बटणांची फुलं. एकावर तिने डिंक फासून वरून रांगोळी भुरभुरवली, झटकली, आणि राम घाटावरच्या पायऱ्या अशा काही उमटल्या की ती स्वतःच टाळी वाजवून मोकळी झाली. भाजी करपली, दूध उतू गेलं, चकल्या तर त्या वर्षी विजयाकाकूंनीच पाडून दिल्या. बाईला कशाची शुद्ध होती! एक कार्ड होईतो दुसरं डोक्यात नाचू लागे. श्रीनाथ आधी कुरकुरला, मग हळूच बँकेतल्या जुन्या लिफाफ्यांवरची तिकिटं सोडवून आणायला लागला.

वन्संचं कार्ड तिने सगळ्यात शेवटी केलं. भेरूगढच्या छापाचं लाल कापड, त्यावर सांजीच्या पन्नीचे चांद-सूरज, आणि मधे जरीच्या दोऱ्याने भरलेलं ओवाळणीचं तबक. तसं कार्ड बाजारात शोधूनही मिळालं नसतं. कागदांच्या गठ्ठ्याचा एक कोपरा तेवढा उंदराने कुरतडला होता. विनोदिनीने डोकं चालवलं, सगळ्याच कार्डांचा तो कोपरा कात्रीने तिरपा कापून टाकला, आणि कशी सफाई आली म्हणून खूश झाली. बाकीच्या कार्डांवर पत्ते घालायचे होते, पण वन्संचं टाकल्याशिवाय तिला चैन पडेना. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा लिफाफा करून ती तशीच चप्पल घालून निघाली आणि ते पोस्टात टाकून आली.

धनत्रयोदशीच्या सकाळी दारावर धडाधड थापा पडल्या. श्रीनाथ दाढी करत होता. तोंडाला फेस तसाच, त्याने दार उघडलं. दारात सुलूवन्सं. केस ओले, अंगावर पांढरी साडी, डोळे रडून सुजलेले. भावाला बघताच त्या त्याच्या पाठीत दणादण बुक्क्या घालायला लागल्या.

"अरे मेल्या, जिवंत आहेस ना? मग कोपरा कापलेलं कार्ड कुणासाठी धाडलंत?"

विनोदिनीच्या हातातली वाटी खाली पडली. देवा रे! मयताची बातमी धाडायची तर कार्डाचा कोपरा फाडायचा, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तसलं पत्र घरात ठेवत नाहीत, कळल्याबरोबर अंघोळ करतात. इथे ही शहाणी बाई दिवाळीचे एकतीस कोपरे हौसेने कापून बसली होती! लिफाफ्यात हात घातल्याबरोबर वन्संच्या बोटाला आधी तो कोपराच लागला. वर अक्षर विनोदिनीचं. मग भाऊच गेला, दुसरं काय? त्यांनी कार्ड तसंच आत सारलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि पहिली बस पकडली.

मग वन्संनी विनोदिनीची जी काही हजेरी घेतली, ती विजयाकाकूंच्या घरापर्यंत ऐकू गेली. अक्कल, माहेर, वळण, काही म्हणून सोडलं नाही. विनोदिनी मान खाली घालून ऐकत होती, आणि खोटं कशाला बोला, तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वन्सं घरात उभ्या होत्या. चार वर्षांनी!

बोलून दमल्यावर वन्सं चटईवर बसल्या. समोर तीस कार्डं मांडलेली. त्यांनी मोराचं उचललं, पणत्यांचं उचललं, घाटाचं बराच वेळ धरून ठेवलं. ऋचा येऊन त्यांच्या मांडीला टेकली. वन्संनी तिला नाव विचारलं, आणि पोरीने ते सांगितल्यावर तिला जवळ ओढून घेतलं.

थोड्या वेळाने पदर खोचून त्या म्हणाल्या की आधी हे कोपरे भरा, नाहीतर गावोगाव लोक अंघोळी करतील. मग दोघी नणंदा-भावजया ट्रंक उपसून बसल्या. कुठे काठाचा त्रिकोण, कुठे पन्नीचं पान, कुठे अर्धं बटण. अठरा कोपरे भरून झाल्यावर वन्संनी आपली पर्स ओढली, चष्मा लावला आणि त्यांना आलेलं कार्ड पहिल्यांदा उघडलं. आत दोनच ओळी होत्या. "वन्सं, चूक माझी होती. भाऊबीजेला या, ते वाट बघतात."

वन्संनी त्या दोनदा वाचल्या.

"खरं सांगू विनोदिनी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे उघडून हे वाचलं असतं ना, तर आले नसते गं मी."