उत्तरदाता क्रमांक सतरा

प्रबंधाच्या बांधून आलेल्या प्रतींना अजून खळीचा वास येतो. मार्गशीर्षातले कोवळे ऊन सावेडीतल्या आमच्या गॅलरीत उतरते, काळ्या रेक्झिनवरच्या सोनेरी अक्षरांपाशी जरा वेळ थांबते, आणि नेमका त्याच वेळी खालच्या रस्त्याने उसाचा एखादा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत जातो. मागे ओल्या पाचटाचा गोडसर, किंचित आंबूस दर्प रेंगाळतो. हे दोन वास एकत्र आले की मी चहाचा कप बाजूला ठेवतो. बायको म्हणते, "डॉक्टर झालात, आता तरी तोंड सरळ ठेवा." तिचे बरोबर आहे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने एवढा खटाटोप करून मिळवलेली पदवी. तिचा आनंद व्हायला हवा होता.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळतो. नोकरी सांभाळून व्यवस्थापनातली डॉक्टरेट करता येते, हे कळल्यावर मला अवदसा आठवली म्हणा ना. विषय मात्र मनापासूनचा होता: कंत्राटी कामगार टिकत का नाहीत? दिवाळी सरली, हवेत गारवा उतरला, की आमच्या प्रेस शॉपमधली कितीतरी ओळखीची तोंडे दिसेनाशी होतात. जामखेड-पाथर्डीकडची ही माणसे पुन्हा ऊसतोडीला जातात. बारमाही काम सोडून ही माणसे पुन्हा उघड्यावर का जातात, हे मला खरोखर जाणून घ्यायचे होते.

आधी प्रश्नावली वाटली आणि पुरता तोंडावर आपटलो. साहेबाच्या हातून आलेला कागद म्हटल्यावर सगळ्यांनी सगळीकडे 'पूर्णतः सहमत'वर खूण केलेली. 'मी या नोकरीत समाधानी आहे', पूर्णतः सहमत. 'मला ही नोकरी सोडावीशी वाटते', त्यालाही पूर्णतः सहमत! पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाई कागद बाजूला सारत म्हणाल्या, यात माणसे कुठे आहेत? मग मी माणसांकडे गेलो. जेवणाच्या सुट्टीनंतर रिकाम्या कँटीनमध्ये, डाळीच्या फोडणीचा वास विरत असताना, एकेकाला समोर बसवून ऐकू लागलो.

अंकुश त्या यादीत सतरावा. जामखेडकडचा, नऊ वर्षे प्रेस मशीनवर, एक खाडा नाही. तो आणि त्याची बायको लग्नापासून ऊस तोडत होते. मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा त्याने नागापुरात खोली घेतली. ती आता नववीत होती. आधी तो बोलेचना. मी त्याला शब्द दिला, तुझे नाव कुठेही येणार नाही, कुणाला काही कळणार नाही. तेव्हा जरा सैलावून, हसत त्याने सांगितले की कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या लोखंडी कपाटात, फडक्यात गुंडाळून, त्याचा ऊसतोडीचा कोयता ठेवलेला आहे. "सायेब, मशीनीचा कटाळा आला, कुनी वाकडं बोललं, की कपाट उगडून त्येच्याकडं बगतो. परत जायचं न्हाई, येवढं ध्यानात ऱ्हातं."

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटे कशाला बोलू, त्याच क्षणी हेही वाटले की आपला चौथा अध्याय सापडला. नाव काढले, गाव काढले, वय बदलले. 'उत्तरदाता क्रमांक सतरा' असे लिहून त्याचे शब्द मूळ मराठीत, खाली इंग्रजीत, अध्यायाच्या माथ्यावर ठेवले. नियम काटेकोर पाळल्याचे समाधान होते मला. कारखान्यात कोयता जपून ठेवणारा माणूस एकच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. मला कळले नाही.

प्रबंध सादर करण्याआधी तो व्यवस्थापनाला दाखवून त्यांचे ना हरकत पत्र घ्यायचे, अशी अट होती. वरिष्ठांनी मसुदा वाचला आणि माझ्यासमोर भाषेची तारीफ केली. तिसऱ्या दिवशी सगळ्या कपाटांची तपासणी झाली. कारखान्याच्या आवारात हत्यार! ठेकेदाराने अंकुशला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितले. गेट पास रद्द करण्याच्या कागदावर सही माझीच लागते. तो कागद आणि माझे ना हरकत पत्र एकाच फाइलमधून, एकाच दुपारी टेबलावर आले. खिडकीबाहेर कडुनिंबाची पिवळी पाने गळत होती, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट वास पडद्यात मुरलेला होता, आणि मी वरिष्ठांकडे जाऊन चार शब्द बोलावे की नाही याचा विचार करत बसलो होतो. बोललो असतो तर कदाचित त्याची नोकरी राहिली असती, आणि कदाचित माझे पत्र अडले असते. बोललो नाही. सही केली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो उतारा मोठ्याने वाचून दाखवला. हेच या संशोधनाचे हृदय आहे, असे ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान लववली.

गेल्या आठवड्यात अंकुशचा फोन आला. मागे कोयत्यांचे सपासप आवाज, कुणीतरी बैलांवर खेकसत होते. "सायेब, डाक्टर झालात म्हनं! लई झ्याक झालं." त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. मग म्हणाला, "शेजारच्या कपाटाच्या संभाजीनं चुगली केली माजी. धा वर्सांचा दोस्त, पर बोलनं सोडलंय म्या." मी तेव्हा बोलायला हवे होते. तोच पुढे म्हणाला, "त्या बुकात माजं काय लिवलंय, वाचून दावा की." मी प्रत उघडली आणि त्याचेच शब्द त्याला वाचून दाखवले. "बराबर लिवलंय," तो हळूच म्हणाला. "पर नाव का न्हाई टाकलं सायेब?"

"नियम असतो," मी म्हणालो.

"असंल, असंल," असे म्हणत त्याने ते लगेच मान्य केले. माझ्या त्या दोन शब्दांच्या उत्तराची मला आयुष्यात कशाचीच वाटली नसेल एवढी लाज वाटली. फोन ठेवण्याआधी त्याने एकच मागणे मागितले: एक प्रत द्या, घरात ठेवीन, आणि संभाजीला दावीन कधी गोडी झाली तर.

प्रत कागदात गुंडाळून तयार आहे. तिच्या पहिल्याच पानावर व्यवस्थापनाचे ना हरकत पत्र आहे, अंकुशचा गेट पास रद्द झाला त्याच तारखेचे. त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, सध्या उसाच्या कुठल्या फडावर आहे, तेही विचारून घेतले आहे. दोन तासांचा रस्ता आहे. रोज सकाळी निघायचे म्हणतो आणि चहा निवेपर्यंत गॅलरीतच बसून राहतो. अंकुशला वाचता येत नाही. त्याची मुलगी यंदा त्यांच्यासोबत फडावर आहे, मोळ्या बांधते. ती नववीपर्यंत शिकली आहे. तिला वाचता येते.