पुदिन्याला आखडत्या हाताने

पहाटे चारला तिचा दिवस सुरू होई. बिनखिडकीच्या खोलीत सासू भिंतीकडे तोंड करून निजलेली असे. अंथरुणाला खिळल्यापासून म्हातारीला दिसायची ती तेवढी भिंत. सून औषधी वनस्पतींच्या मळ्यात खत घालायची. त्या मजुरीतून तिला एकच गोष्ट करायची होती. त्या भिंतीला खिडकी पाडायची.

यंदा मुकादमाने पुदिन्याचा एक वाफा तिच्या एकटीच्या हवाली केला होता. तेल चांगलं निघालं तर काम कायम, नाहीतर परत निंदणी, अर्ध्या मजुरीवर.

धुक्यात वाफा झोपेत असल्यासारखा दिसे. तिने त्याला नायट्रेटचं खत दिलं. ते पाण्यात विरघळून लगेच मुळाला मिळतं. बघता बघता पानं गर्द झाली. पाणी दिलं की उरलेलं खत खोल वाहून जाई, पानं जरा फिकी पडत, आणि तिचा हात पुन्हा सैल सुटे. पुदिना गुडघ्याला लागला. त्यातून जाताना तिला हिरव्या पाण्यात चालल्यासारखं वाटे.

पहिली कापणी तेल काढायच्या भट्टीवर गेली. भट्टीवाल्याने तेलाची जेमतेम तळ झाकलेली बाटली उजेडात धरली.

"वहिनी, पाला आणलात की पाणी?"

"एवढा माजलाय, दिसत नाही?"

"माजलाय खरा. खालची पानं सावलीत गळाली, वरची नुसती फुगली. लाडावून ठेवलंय तुम्ही लेकराला."

मुकादमाने दुसऱ्या कापणीपर्यंत मुदत दिली.

या खेपेस तिने युरिया घेतला, तोही बेताचा. ओल्या, तापलेल्या मातीवर तो उघडा राहिला तर डोळ्यांना झोंबणारा वायू होऊन उडून जातो. म्हणून ओळींमध्ये खुरप्याने चर, त्यात चिमूट चिमूट खत, वर माती, टाचेने दाब. ओळ संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. झाकलेला युरिया मातीत हळूहळू बदलतो, काही काळ तिच्या कणांना धरून राहतो, मुळांना सावकाश पुरतो. कंबरेपेक्षा हे सावकाशपण तिला जड गेलं. वाफा ठेंगणा, फिकट दिसे. दुपारी डोळा लागला की पुदिना स्वप्नात येऊन मूठभर खत मागे. ती दचकून उठे आणि हात काखेत दाबून बसे.

"उपाशी मारतेस का गं त्याला?" शेजारच्या वाफ्यावरून तिची जाऊ विचारी.

"पोटापुरतं देतेय."

"माझा बघ कसा डोलतोय."

"डोलू दे."

दुसऱ्या कापणीचा भारा लहान होता. भट्टीवाल्याने बाटली पाहिली, एक थेंब तिच्या बोटाला लावला. बोट कितीतरी वेळ गार राहिलं.

"हा पुदिना," तो म्हणाला.

काम कायम झालं. हंगाम सरला तेव्हा गवंडी आला, भिंत फुटली, चौकट बसली. सासू बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"समोरच्यांनी दाराला काय घाणेरडा रंग दिलाय," ती म्हणाली. सून झडप लावायला उठली.

"राहू दे उघडी. बघतेय मी."