तांबड्या बाहीचा हाशमी

अंबूबाईला कुणी ‘गप बस’ म्हटलं, की ती बसायची. गप मात्र व्हायची नाही. शनवार पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, एका सयाजीला सोडून. सयाजी तिचा थोरला दीर. त्याच्यापुढं तिनं कधी तोंड उघडलंच नव्हतं. तेव्हाची रीतच तशी होती. थोरला दीर समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायचा, दाराआड व्हायचं, आणि काय सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं. मग नवऱ्यानं ते भावाला सांगायचं, जरी भाऊ हाताच्या अंतरावर उभा राहून सगळं ऐकत असला तरी. काय म्हणावं असल्या रीतीला! पण अंबूबाईनं ती लग्न होऊन आल्यापासून पाळली होती.

घर शिंप्याचं, पण काम जरीचं. संस्थानच्या पागेतल्या घोड्यांच्या झुली, पालखीचे पडदे, छत्र्या, सगळं सयाजी आणि ज्ञानू ह्या दोघा भावांच्या हातून जायचं. ज्ञानू म्हणजे अंबूबाईचा नवरा. त्यांच्या घरात सासऱ्याच्या वेळची एक सागवानी चौकट होती. तिच्यावर कापड ताणून बांधायचं आणि कलाबतू टाचायची. कलाबतू म्हणजे रेशमावर वळलेली सोनेरी तार. ती कापडातून आरपार जात नाही. वर निजवायची आणि बारीक पिवळ्या रेशमानं जागोजागी बांधत जायची. बायकांचं काम एवढंच, की कलाबतू रिळावर गुंडाळून द्यायची. चौकटीवर बाईनं बसायचं नाही. का? तर खंडेनवमीला तिची पूजा होते, तिला विटाळ नको. बाईनं गुंडाळलेल्या कलाबतूचा विटाळ चालत होता, बरं का. तिच्याशिवाय काम अडलं असतं ना!

ज्ञानू मऊ स्वभावाचा. सयाजी बाजारात गेला की म्हणायचा, “अंबू, पाठ मोडली माझी, जरा बस की माझ्या जागी.” अशा चोरून मिळालेल्या दुपारी गोळा करत अंबूबाई काम शिकली. तिनं टाचलेली किती फुलं कुठल्या घोड्याच्या पाठीवर मिरवली, ते तिचं तिला आणि ज्ञानूला माहीत.

मग संस्थान विलीन झालं. पागा रिकामी झाली. आता झुली कुणाला हव्यात? सयाजीनं शिलाईची मशीन घेतली आणि पुढच्या सोप्यात शर्ट आणि पोलकी शिवायला लागला. ज्ञानूच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदू आला, समोरचं माणूस धुरातून दिसावं तसं दिसायला लागलं. तो मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचा, आणि चौकट त्याच्याशेजारी भिंतीला टेकून उभी असायची.

अशात एका दुपारी खैरूबी आली. ती पलीकडच्या गल्लीतली. तिचा नवरा सालेम बसऱ्याकडचा अरब. घोड्यांबरोबर जहाजातून आला, पागेत घोडी शिकवणारा चाबूकस्वार म्हणून राहिला, इथल्याच खैरूबीशी निकाह लावला आणि इथल्याच मातीत गेला. तिनं काखेतलं गाठोडं सोडलं आणि “लग्नाचं हाय,” म्हणत झग्यासारखं एक काळंभोर, झिरझिरीत रेशमी वस्त्र पसरलं.

“अगं बया, काळं!” अंबूबाई मागंच सरकली. “लग्नाचं म्हंतीस आणि काळं?”

“त्यांच्यात असंच असतंय. हाशमी म्हंत्यात ह्याला. माझ्या सासूनं घातलेला, मग तिनं माझ्यासाठी धाडलेला. मेंदीच्या संध्याकाळी नवरीनं घालायचा. आता माझ्या जुलेखाचं लगीन ठरलंय मिरजंला.” खैरूबीनं वस्त्राची छाती वर केली. गळ्यापासून पायापर्यंत सोनेरी वेल उतरली होती, आणि छातीवर उंदरांनी पंज्याएवढं भोक पाडलं होतं. “मिरजंची माणसं म्हंत्यात, असलं काळं नको, शालू नेसवा. पोरगी ऐकंना. म्हंती, अब्बाच्या आईचं एवढंच हाय माझ्याजवळ. हाशमी घालीन, न्हायतर मेंदीला बसणारच न्हाय. आता ज्ञानूभाऊंशिवाय कोण नीट करणार हे?”

ज्ञानूनं हात पुढं केला. वेलीवरून बोटं फिरवली, आणि त्याच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. “काय हात हाय गं बाईचा, जिनं केलंय तिचा. पण भाबी, मला दिसत न्हाय आता.”

“मला दिसतंय की,” अंबूबाई म्हणाली. “मी करते.”

ही गोष्ट सोप्यात पोचायला कितीसा वेळ! सयाजी आला आणि दारात उभा राहून ज्ञानूला म्हणाला, “आपल्या घरात बाई चौकटीवर बसलेली न्हाय. आणि बसणार न्हाय.”

दाराआडून आवाज आला, “अवो, भावजीस्नी सांगा, चौकट काय जेवाय मागत न्हाय. नुसती उभी हाय.”

“दादा, ती म्हंती...” ज्ञानूनं सुरुवात केली.

“ऐकलं मी!” सयाजीनं चौकट उचलली आणि पुढं नेली. तिच्यावर त्यानं शिवलेले शर्ट टांगून ठेवले. मुद्दाम. अंबूबाईला येताजाता दिसावेत म्हणून.

दुसरी असती तर रडत बसली असती. अंबूबाईनं घरातलं बाजलं ओढलं, त्याची सुंभाची वीण सोडून टाकली, चारी पाय धुतले, आणि नुसत्या लाकडी सांगाड्यावर हाशमी ताणून बांधला. एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला ज्ञानू. कलाबतू आता तो गुंडाळत होता. त्याला डोळे कशाला लागत होते? तार कुठं सैल, कुठं पिळलेली, हे त्याच्या बोटांना कळायचं. दोघं जमिनीवर निजायला लागली आणि पाठी धरल्या तरी कुरकुरली नाहीत.

भोकाला ठिगळ हवं होतं, आणि तसलं रेशीम महाद्वार रोडच्या एकाही दुकानात मिळेना. खैरूबी बोलणी करायला मिरजेला गेलेली. अंबूबाई हाशमीकडं बघत बसली. तिची नजर बाह्यांवर गेली. केवढ्या त्या बाह्या! चौकोनी, लांबरुंद, एकेकीत ज्वारीचं पोतं मावेल. बाईचा हात केवढा, बाही केवढी!

“झूल कापणाऱ्याकडंच कापाय दिला असंल ह्यो,” ती ज्ञानूला म्हणाली, आणि दोघंही हसली.

शिंप्याच्या घरात जास्तीचं कापड दिसलं की कात्री हातात येतेच. तिनं डाव्या बाहीचा खालचा अर्धा भाग कापला. छातीला आतून इतका बेमालूम लावला, की जोड कुठं आहे ते तिचं तिलाच सापडेना. वर वेल पुरी केली. उजवी बाही तेवढीच लहान करायची आणि झालं, म्हणून ती खुशीत होती.

तेवढ्यात खैरूबी आली. छातीवरची वेल बघून तिचे डोळे भरले. मग तिनं बाही उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला.

“या अल्ला! अंबू, बाही कुठाय?”

“ही काय, छातीला लावली. लई जास्ती होती.”

खैरूबी खालीच बसली. “जास्ती न्हाय गं. ती डोक्यावर घ्यायची असती. ही उजवी आधी डोक्यावर टाकायची, मग डावी तिच्यावरनं. त्याचाच पदर हुतोय. आता माझी पोरगी काय उघड्या डोक्यानं बसणार?”

सगळ्या पेठेला माहीत होतं, की अंबूबाई कधी हरत नाही. त्या दुपारी ती हरली होती. ‘विचारायचं सुचलं न्हाय मला? एवढी शहाणी मी?’ ती कपाळ बडवायचीच काय ती राहिली.

खैरूबीचं रडणं ऐकून सयाजी आला. त्याला आनंद झाला, असं उघड म्हणता येणार नाही. पण दु:खही काही झालं नाही. “ज्ञानू, बाई सुईला बसली की असंच व्हायचं. भाबी, आणा तो झगा हिकडं. दुसरीबी बाही कापतो, मशिनीवर दोन्ही सारख्या करून देतो. पोलक्यावाणी होईल. मिरजंचीबी तक्रार राहणार न्हाय.”

खैरूबीनं हाशमीकडं बघितलं, मग सयाजीकडं. बिचारी काय करणार? लग्न तोंडावर आलं होतं. ती बाजल्याच्या दोऱ्या सोडायला वाकली.

अंबूबाईनं दोऱ्या मुठीत धरल्या. “भाबी, चूक माझी हाय. ती मीच निस्तरणार. ह्याला दुसरी कात्री लागू द्यायची न्हाय मी. माझ्यावर इश्वास न्हाय ठेवलास तरी चालंल, पण तेवढं करू नगंस.”

तिनं ट्रंक उघडली. तळाशी तिचा लग्नातला शालू होता, तांबडाभडक, जरीच्या बुट्ट्यांचा. उभ्या जन्मात तिला एवढंच एक चांगलं लुगडं मिळालेलं. तिनं त्याचा पदर उलगडला आणि कात्री लावली.

“अरे देवा!” सयाजी ओरडला. “सवाष्ण बाई लग्नाचा शालू कापती? नवरा जिता असताना?”

“अवो, इचारा भावजीस्नी,” कात्री चालवता चालवताच ती म्हणाली, “नवरा शालवात असतोय का हितं बसलाय त्यो?”

“दादा, मी हितं हाय,” ज्ञानू म्हणाला, आणि पुढचं रीळ हातात घेतलं.

कापलेल्या डाव्या बाहीला शालूचा पदर जोडला आणि तांबडी बाही उभी राहिली. उजव्या बाहीवर जशी वेल होती तशी तिनं डावीवर काढली. काळ्यात तांबडं मिसळत नव्हतं आणि तिनंही मिसळायचा खटाटोप केला नाही. काठाला मात्र झुलीवरची फुलं टाचली, तिची चोरून शिकलेली. खैरूबीनं हाशमी गाठोड्यात बांधून नेला. पोरीला पटेल की नाही, मिरजकर काय म्हणतील, हा घोर दोघींनाही होता.

मेंदीच्या संध्याकाळी खैरूबीच्या अंगणात अख्खी पेठ लोटली. बाप्ये सोप्यात, बायका अंगणात. जुलेखा हाशमी घालून बाहेर आली आणि मिरजेच्या बायकांत कुजबूज सुरू झाली. “काळंच घातलंय शेवटी.” “आणि एक बाही तांबडी? फाटका हुता व्हय?” अंबूबाई पदरात तोंड घालून खांबाला टेकून उभी होती. भुईनं पोटात घ्यावं, असं तिला झालं होतं.

जुलेखानं सगळं ऐकलं. ती सालेमची पोरगी. मुकाट्यानं ऐकून घेणारी नव्हे. ती अंगणाच्या मधोमध आली. उजवी बाही उचलून तिनं डोक्यावर टाकली आणि तिचा चेहरा काळ्या रेशमात झाकला गेला. मग डावी बाही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, फिरवली, आणि काळ्यावरून सोडली. कंदिलाच्या उजेडात तो तांबडा पदर सोन्यानं नुसता पेटला. डोक्यापासून खांद्यापर्यंत झुलीची फुलं उतरली. मागच्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या.

“अब्बाच्या आईचा हाय,” जुलेखा पदराआडून म्हणाली, “आणि आमच्या अंबूमावशीच्या लग्नाचा. दोघींचा घालून बसणार मी. कुणाला बघायचं नसंल त्यानं बघू नये.”

नवऱ्या मुलाची आत्या पुढं आली. तिनं बाहीचा काठ उलटून मागची बाजू बघितली. मागंही एक गाठ दिसत नव्हती. “हे काम कुणाचं म्हणायचं?”

सोप्यातून सयाजीचा आवाज आला, भरदार, समाधानी. “आमच्याच घरचं काम हाय, पावणं. पिढीजात.”

अंबूबाईनं आजवर बरंच गिळलं होतं. पण हे? तिनं नाकावरचा पदर मागं सारला, अंगण ओलांडून सोप्याच्या पायरीशी गेली आणि थोरल्या दिराच्या डोळ्यांत बघितलं. ज्ञानू तिथंच बसला होता, पण तिनं ‘अवो, सांगा’ म्हटलं नाही.

“भावजी, घरचं न्हवं. माझं.”

सयाजीचं तोंड उघडं ते उघडंच. ज्ञानूला दिसत नव्हतं, पण तो जोरात, अगदी बेशरमासारखा हसला.

जुलेखाची वरात गेली आणि अंबूबाईकडं मिरजेहून, पेठ वडगावहून पोलकी, टोप्या, कुंच्या टाचायला यायला लागल्या. मग एके सकाळी सयाजीनं स्वत: चौकट आणून मागच्या दारात ठेवली. “घे,” तो भिंतीकडं बघत म्हणाला. “दुकानाच्या नावानं करत जा काम.”

“शर्ट टांगाय तुमाला लागंल की ती,” अंबूबाई म्हणाली. “मला माझं बाजलं पुरं.”

त्या खंडेनवमीला सयाजीनं सोप्यात चौकट मांडली, मशीन मांडली, झेंडूचे हार घातले. आणि अंबूबाईनं? तिनं बाजलं उचलून थेट रस्त्यावर आणलं, दारापुढं सारवून उभं केलं, रांगोळी घातली, चारी पायांना हळदकुंकू लावलं आणि सुंभाच्या जागी झेंडूच्या माळा ताणल्या. खाली ज्ञानूची रिळं मांडली. येणारीजाणारी थांबायला लागली. खैरूबी आली, तिच्याबरोबर माहेरपणाला आलेली जुलेखा आली. गर्दी बघून सयाजी बाहेर आला.

“बाजल्याची पूजा?” तो ओरडला. “कोण करतंय का असली पूजा?”

“करत न्हवतं कोण,” अंबूबाई म्हणाली. “मी करते. भावजी, कुंकू लावणार असाल तर पुढं या, न्हायतर बाजूला व्हा. मागं माणसं खोळंबल्यात.”

सयाजी उभा राहिला. मागनं कुणीतरी “चला की लवकर” म्हणालं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, वाकला, आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं.